हृदयाच्या वाढीचा सात तुकड्यांचा संच: आकार चोख, पेशींचा प्रवास गायब

मागच्या बॅचच्या सुरुवातीला आमच्या रचना शारीर (शरीररचनाशास्त्र) विभागासाठी गर्भातल्या हृदयाच्या वाढीचा सात तुकड्यांचा संच घेतला. बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला गर्भशारीर मी शिकवते, त्यामुळे तो सर्वांत जास्त माझ्याच हातात असतो. एक अख्खी बॅच त्यावर शिकवून झाली, तेव्हा आता नीट लिहिता येईल. मत आधीच सांगून टाकते: संच घेण्यासारखा आहे, आणि सहाव्या तुकड्यासाठी तर नक्कीच. पण दुसरा तुकडा आहे तसा मुलांपुढे ठेवू नका. आणि पहिला तुकडा दाखवताना बरंच काही शिक्षकालाच सांगावं लागेल, कारण हृदय तयार होण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे पेशींचं चालत येणं, या संचात कुठेच नाही.

अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, शाळा-कॉलेजांना साहित्य पुरवणारं एक जुनं दुकान आहे, तिथून घेतला. हाच संच आसपास आणखीही एक-दोन ठिकाणी दिसतो. किंमत साडेसहा हजारांच्या आतबाहेर, जीएसटी वेगळा. दुकानातले काका प्रत्येक तुकडा खोक्यातून काढून टेबलावर मांडतात आणि बाजूला होतात. "मॅडम, हातात घेऊन बघा, कॅटलॉगच्या फोटोवर जाऊ नका," असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी जवळजवळ सगळी दुपार तिथे काढली, पण त्यांनी एकदाही घाई केली नाही. अशी दुकानं टिकायला हवीत.

तुकडे कडक पीव्हीसीचे, मुठीत बसतील एवढे, काळ्या लाकडी पट्टीवरच्या खुंट्यांवर बसणारे. खरा बावीस दिवसांचा मानवी गर्भ डोक्यापासून शेपटापर्यंत दोन-तीन मिलिमीटरचा असतो, म्हणजे हे सगळं प्रचंड मोठं करून दाखवलेलं आहे. मोजमापाची पट्टी मात्र खोक्यावरही नाही आणि माहितीपत्रकातही नाही. ती हवी होती. साडेतीन इंची नळी हातात धरलेल्या मुलाला, आपण डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय याचं भान राहत नाही.

आमच्या अभ्यासक्रमात या विषयाची सुरुवात सुश्रुत संहितेच्या शारीरस्थानातल्या तिसऱ्या अध्यायापासून होते. गर्भात आधी काय तयार होतं यावर तिथे आचार्यांची मतं मांडली आहेत. शौनक म्हणतात डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हातपाय, गौतम म्हणतात मधलं शरीर. धन्वंतरी म्हणतात, सगळी अंगं एकाच वेळी होऊ लागतात, सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत इतकंच. मुलांना हा वाद फार आवडतो, वर्गात गट पडतात. आज भ्रूणशास्त्र सांगतं की आधी काम सुरू करणारं इंद्रिय हृदयच. गर्भधारणेपासून साधारण बाविसाव्या दिवशी ठोके सुरू होतात. त्या दिवशी डोक्याची आणि पाठीच्या कण्याची तयारीही चालूच असते, म्हणून धन्वंतरींचं म्हणणंही मोडीत निघत नाही. हा वाद झाला की मी संच टेबलावर मांडते.

आता पहिला तुकडा. एका चपट्या तबकडीवर लाल चंद्रकोर आणि तिच्या दोन टोकांशी दोन बारीक नळ्या. रंग सुबक, कडा स्वच्छ. पण तो पाहून मुलांना वाटतं की लाल मांस तिथेच उगवलं. तसं होत नाही. तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या तबकडीवर मागच्या बाजूला एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. वरच्या थरातल्या पेशी त्या रेघेत उतरतात, खालच्या बाजूने बाहेर पडतात आणि त्यांचा मधला थर होतो. त्यात सर्वांत आधी निघणाऱ्या पेशींमध्येच पुढे हृदय होणाऱ्या पेशी असतात. त्या पुढच्या दिशेने आणि दोन्ही बाजूंना पसरतात, पुढच्या टोकाशी पोचून चंद्रकोर धरतात आणि मग दोन्ही बाजूंच्या पेशी मध्यरेषेकडे येऊन एक नळी होते. हा सगळा रस्ता त्या चालत जातात. पेशी कडेने पातळ पदर पुढे काढते, तो खालच्या प्रथिनांच्या जाळीला पकडतो, मागची पकड सुटते आणि पेशी तेवढी पुढे सरकते.

यात जनुकांचं काम काय, हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि त्याचं उत्तर मी घाईत देत नाही. जनुकावरून प्रथिन बनतं. एखादं प्रथिन पेशीच्या आत राहून इतर जनुकं चालू-बंद करतं, एखादं पेशीच्या बाहेर पाझरून इशारा बनतं, एखादं पेशीच्या अंगावर बसून तो इशारा टिपतं, आणि एखादं पेशी चालते ती जमीनच बनतं. चारही नीट असतील तर पेशी वेळेवर निघते, योग्य दिशेला जाते आणि योग्य जागी थांबते.

निघण्याचं उदाहरण म्हणजे मेस्प१. स्ट्रीकमधून बाहेर पडणाऱ्या मधल्या थराच्या पेशींमध्ये हे जनुक थोडा वेळच चालू होतं. १९९९ मध्ये जपानच्या युमिको सागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक बंद असलेल्या उंदरांचे गर्भ पाहिले. पेशी स्ट्रीकमधून निघायलाच उशीर करत होत्या, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंच्या नळ्या एकत्र न येता वेगवेगळ्याच राहिल्या. आधी काही तासांचा उशीर, आणि पुढे एका हृदयाऐवजी दोन अर्धवट नळ्या. कोंबडीच्या गर्भात असंही दिसलंय की स्ट्रीकमधून पाझरणारं डब्ल्यूएनटी३ए हे प्रथिन हृदयाच्या पेशींना मागून दूर ढकलतं. म्हणजे या प्रवासात पुढून बोलावणं असतं तशी मागून पिटाळणीही असते.

मला स्वतःला सगळ्यात भिडलेली गोष्ट झेब्रा माशाची. पुण्यातल्या कुठल्याही फिश टँकच्या दुकानात झेब्रा डॅनिओ म्हणून मिळतो तोच हा पट्ट्यापट्ट्यांचा बारका मासा, मूळचा आपल्या दक्षिण आशियातल्या नद्यांमधला. याचा गर्भ आईच्या शरीराबाहेर वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो, त्यामुळे हृदय सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत दिसतं. शिवाय रक्ताभिसरण नसलं तरी तो काही दिवस तग धरतो, ऑक्सिजन त्वचेतून मिळतो. म्हणून हृदय बिघडलेले मासेही अभ्यासता येतात. १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या आणि अमेरिकेतल्या बॉस्टनच्या गटांनी असे ढिगाने बिघाड शोधून प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका बिघाडात दोन्ही बाजूंच्या हृदयपेशी मध्यरेषेपर्यंत पोचतच नाहीत आणि माशाच्या दोन कडांना दोन छोटी हृदयं धडधडत राहतात. त्या जनुकाचं नाव माइल्स अपार्ट.

साहजिकच वाटतं की त्या पेशींनाच चालता येत नसेल. २००० मध्ये पेशींची अदलाबदल करून हे तपासलं गेलं. बिघडलेल्या माशाच्या हृदयपेशी निरोगी माशात ठेवल्या, तर त्या बिनबोभाट मध्यरेषेवर पोचल्या. निरोगी पेशी बिघडलेल्या माशात ठेवल्या, तर त्या वाटेतच थांबल्या. दोष चालणाऱ्यांत नव्हता, रस्त्यात होता. वर्गात हे सांगताना मी वारीचं उदाहरण देते, कारण माझ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरचं कुणी ना कुणी वारी करतं. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी एकाच दिवशी पुण्यात येते. त्या दिवशी पूलच बंद असेल तर पालख्या अलीकडे थांबतील, पण म्हणून वारकऱ्यांच्या पायांत दोष आहे असं कुणी म्हणणार नाही. नंतर कळलं ते असं: माइल्स अपार्ट हे जनुक स्फिंगोसिन-१-फॉस्फेट नावाचा स्निग्ध इशारा टिपणारं प्रथिन बनवतं, आणि त्याची गरज हृदयपेशींच्या आजूबाजूच्या ऊतीला असते. तो इशारा बाहेर सोडणारं जनुक वेगळंच, एसपीएनएस२, आणि ते अंड्यातल्या बलकावरच्या थरात काम करतं. म्हणजे हृदय एक व्हावं यासाठी बलकालाही आपला वाटा उचलावा लागतो. पायाखालच्या जाळीतलं फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन नसलं तरी माशात हेच होतं, हे २००४ मध्ये दिसलं. उंदरात गाटा४ हे जनुक नसलं तरी असंच होतं.

हे सगळं ज्याने दाखवायचं तो तुकडा नुसता लाल चंद्रकोर आहे. बाण नाहीत, ठिपके नाहीत, स्ट्रीकची रेघसुद्धा नाही. माहितीपत्रकात एक ओळ आहे, तीत "नळ्या एकत्र येतात" असं लिहून काम संपवलंय. कोण येतं, कुठून येतं, कशामुळे येतं, काही नाही.

दुसरा तुकडा म्हणजे सरळ नळी, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. त्या नळीवर पाच रंगांचे पाच पट्टे आहेत: वरून ट्रंकस, बल्बस, निलय (पुढचा खालचा कप्पा), अलिंद (पुढचा वरचा कप्पा) आणि खाली सायनस. याचा अर्थ असा की पुढच्या सगळ्या हृदयाचा माल या सरळ नळीत आधीच भरलेला आहे, आता फक्त फुगायचं आणि वळायचं. अनेक जुन्या पुस्तकांत हेच चित्र होतं, मीही त्याच चित्रावर शिकले. पण ते चित्र टिकलेलं नाही. मेक्सिकोच्या मारिया व्हिक्टोरिया दे ला क्रूझ यांनी १९७७ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या सरळ नळीवर खुणा करून पाहिलं होतं की वरची रक्तवाहिन्यांकडची टोकं त्या वेळी नळीत नसतातच, ती नंतर येतात. मग २००१ मध्ये कोंबडी आणि उंदीर या दोन्हींत हे पक्कं झालं: चंद्रकोरीच्या आतल्या आणि मागच्या अंगाला पेशींचा दुसरा साठा असतो, सेकंड हार्ट फील्ड. नळी धडधडायला लागल्यानंतरही त्यातल्या पेशी दोन्ही टोकांनी आत शिरत राहतात. उजवं निलय, रक्त बाहेर नेणारा वरचा बहिर्मार्ग आणि अलिंदांचा बराच भाग या मागून आलेल्या पेशींचा. सरळ नळीत जे असतं त्यातून मुख्यतः डावं निलय होतं.

२००३ मध्ये आयलेट-१ हे जनुक नसलेल्या उंदरांत काय दिसलं? उजवं निलय नाही, बहिर्मार्ग नाही, अलिंदंही अपुरी. डावीकडचं काम झालं होतं, पुढची भरती झालीच नाही. पाच पट्ट्यांच्या नळीवर हे समजावूनच सांगता येत नाही. त्या नळीत ज्यातून उजवं निलय होतं असं मानतात तो बल्बसचा पट्टा रंगवलेला आहे, मग आयलेट-१ गेलं तर तो कुठे गेला? मुलं विचारतात, आणि बरोबर विचारतात.

परीक्षेत पाच फुगवटे विचारतात हे मला माहीत आहे. ते फुगवटे चौथ्या तुकड्यावर, नळी लांब होऊन वळल्यानंतर दाखवायला काहीच हरकत नाही. सरळ नळीवर नको, एवढंच.

मी काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. पीव्हीसीवर ॲक्रिलिक रंग थेट लावला तर पोपडे निघतात. आधी बारीक पॉलिश पेपरने घासून, प्रायमरचा एक हात देऊन, मग रंग लावायचा. दुसऱ्या तुकड्याचा मधला भाग लाल ठेवला, बाकीचे पट्टे करड्या रंगाने झाकले आणि दोन्ही टोकांना बोहरी आळीतून आणलेले हिरवे मणी दुहेरी चिकटपट्टीने लावले. तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्यावर हाच हिरवा रंग उजव्या निलयावर आणि वरच्या टोकावर चढवला. आता मूल तुकडे क्रमाने बघतं तेव्हा हिरवं बाहेरून आत येताना दिसतं. आमच्या विभागातल्या मामांनी पॉलिश पेपरचं काम माझ्यापेक्षा निगुतीने केलं, नळीवर एकही ओरखडा नाही.

तिसरा आणि चौथा तुकडा वळणाचे, आणि इथे बनवणाऱ्याचं मनापासून कौतुक. दुकानात मी सगळ्यात आधी हेच तपासलं होतं: वळण गर्भाच्या उजवीकडे आहे ना? आहे. समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे, जसं असायला हवं तसं. पुष्कळ तक्त्यांमध्ये आणि स्वस्त मॉडेलमध्ये हे उलटं छापलेलं पाहिलंय, आणि उलटं शिकलेलं मूल नीट करायला वेळ लागतो. उजवं-डावं ठरतं ते हृदयाच्याही आधी. गर्भाच्या नोड नावाच्या खळगीत बारीक केस गोल फिरतात आणि त्यामुळे द्रव डावीकडे वाहतो. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरात दाखवलं की हा प्रवाह नसेल तर डावं-उजवं ठरत नाही. प्रवाहामुळे डाव्या बाजूला नोडल आणि मग पिटएक्स२ ही जनुकं चालू होतात. आणि वळणाचा दुसऱ्या साठ्याशीही संबंध आहे: नळी दोन्ही टोकांना बांधलेली असते, आत पेशी येत राहिल्याने ती लांबते, आणि लांबलेल्या नळीला वळल्यावाचून गत्यंतर नसतं. पेशी कमी आल्या तर वळण आखूड पडतं, आणि पुढे रक्तवाहिन्या चुकीच्या निलयावर बसतात. तुकड्यांवरचं वळण इतकं अचूक आहे की हे बोट फिरवून सांगता येतं.

पाचवा तुकडा कापून उघडलेला, आतल्या गाद्या आणि पडदे दाखवणारा. ठीक आहे. अलिंदांमधले दोन पडदे आणि त्यांतलं छिद्र चांगलं केलंय. गाद्यांमध्ये पेशी आतल्या अस्तरातून सुटून जेलीत चालत शिरतात आणि त्यातून झडपा होतात, तेही इथे नाही. पण इतक्या लहान तुकड्यात ती अपेक्षा मी धरत नाही.

सहाव्या तुकड्यावर मात्र सगळी किंमत वसूल. बहिर्मार्गाची नळी पारदर्शक ॲक्रिलिकची, आणि आत निळा आणि लाल असे दोन मार्ग एकमेकांभोवती पिळून गेलेले. मधला पडदा वरून खाली वळत कसा येतो, त्यामुळे महारोहिणी आणि फुप्फुसधमनी एकमेकींना ओलांडून आपापल्या निलयाशी कशा जुळतात, हे फळ्यावर काढून काढून माझी बोटं दुखली आहेत. इथे मूल नळी डोळ्यांपुढे फिरवतं आणि त्याला कळतं. पारदर्शक ॲक्रिलिक पिवळं पडलेलं नाही, पिळाचा सांधा सुटलेला नाही.

पण हा पडदा घडवणाऱ्या पेशी कुठून येतात? मानेच्या मागून. पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी मज्जानलिका मिटताना तिच्या कडेवरून न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी सुटतात. कानाच्या जागेपासून तिसऱ्या सोमाइटपर्यंतच्या (सोमाइट म्हणजे मज्जानलिकेच्या कडेला ओळीने असणारे ऊतीचे गठ्ठे) पट्ट्यातल्या पेशी घशाच्या कमानींतून खाली उतरतात आणि हृदयात शिरून हा पडदा घडवतात. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या मार्गारेट कर्बी आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भात हे दाखवलं. तेवढा पट्टा काढला तर पडदा होतच नाही, एकच जाड नळी राहते. कोंबडीच्या गर्भाशी पुण्याचंही जुनं नातं आहे. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी त्यावर काम उभं केलं होतं, म्हणून हा इतिहास मी मुलांना आवर्जून सांगते.

या पेशींना बोलावणारा एक इशारा सेमाफोरिन ३सी. बहिर्मार्गातून तो पाझरतो आणि क्रेस्टच्या पेशी तिकडे ओढल्या जातात. तो नसलेल्या उंदरांत पडदा अपुरा राहतो. माणसात याच भागाशी निगडित म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळण्याचा आजार, साधारण चार हजार जन्मांत एकाला होणारा. त्या तुकड्यातलं टीबीएक्स१ हे जनुक घशाच्या कमानींत आणि दुसऱ्या साठ्यात काम करतं. पुन्हा तेच: क्रेस्टच्या पेशी धडधाकट असतील, पण ज्या वाटेने जायचं ती वाटच बिघडलेली.

मागच्या बॅचमधली एक मुलगी हा तुकडा हातात घेऊन बराच वेळ उभी होती. तास संपल्यावर म्हणाली, "मॅडम, माझ्या धाकट्या भावाला अशी एकच नळी होती. तान्हा असतानाच ऑपरेशन झालं. आता बरा आहे, क्रिकेट खेळतो. पण आजी अजून आईला म्हणते, तूच त्या दिवसांत काहीतरी खाल्लं असशील." मी तिला बसवलं. तो पडदा कितव्या आठवड्यात होतो ते दाखवलं, आणि पेशी कुठून निघून कुठे जातात ते बोटाने दाखवलं. हृदय धडधडायला लागतं तेव्हा आईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो, कितीतरी बायकांना तोवर पत्ताही नसतो. काही औषधं खरंच घातक असतात, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन त्यात पहिलं, ते क्रेस्टच्या पेशींवरच घाव घालतं, म्हणून गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य. पण आजी म्हणतात तसं काही जेवणाच्या ताटातून होत नाही. जन्मणाऱ्या शंभर बाळांमागे जवळजवळ एकाला हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत कुणाकडे बोट दाखवता येत नाही. ती मुलगी सुट्टीत घरी गेली तेव्हा वहीत या तुकड्याचं चित्र काढून घेऊन गेली. आजीला समजावणार होती.

म्हणून मला हा संच पुरा हवाय. आकार बघून मूल पाठ करतं. पेशी कुठून आली हे कळलं तर ते घरातल्या माणसालाही समजावून सांगू शकतं.

सातवा तुकडा चार कप्प्यांचं हृदय, नेहमीचं. बाहेरचं आवरण आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या नुसत्या वरून रंगवल्यात. प्रत्यक्षात ते आवरणही यकृताजवळच्या एका पुंजक्यातून निघून हृदयावर पसरत जाणाऱ्या पेशींचंच असतं. इथे मी पिवळ्या लोकरीचा धागा गुंडाळून काम भागवते.

टिकाऊपणाबद्दल: खुंट्या लाकडी आहेत आणि पावसाळ्यात फुगतात, तुकडे अडकतात. खुंटीला थोडं मेण चोळलं की सुटतात. तिसऱ्या तुकड्याचं लेबल पहिल्याच महिन्यात उचकटलं. नवीन लेबलं दुकानातून फुकट मिळाली, पण सगळी इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी मी ती देवनागरीत छापून घेतली. खोकं जाड पुठ्ठ्याचं आहे, आत स्पंजचे साचे. तुकडे त्यातच परत ठेवा, उघड्या कपाटात सहाव्या तुकड्याच्या ॲक्रिलिकवर धूळ बसते आणि ओल्या फडक्याने पुसताना चरे पडतात. कोरडं मऊ कापड वापरा.

बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग आणि प्राणिशास्त्राच्या विभागांनी घ्यावा. शाळेला एवढा खर्च नको, त्यांना सहावा तुकडा सुटा मिळाला तर पुरे, आणि काका तो ऑर्डरवर मागवून देतात. बनवणाऱ्याकडे मी दुकानामार्फत एक कागद पाठवला आहे. त्यात तीनच मागण्या आहेत: पहिल्या तुकड्यावर स्ट्रीकची रेघ आणि तिथून निघणारे बाण, दुसऱ्यावरचे पाच पट्टे काढून दोन साठ्यांचे दोन रंग, आणि सहाव्याबरोबर मानेच्या मागून येणारी क्रेस्टची वाट दाखवणारा एक छोटा जोडतुकडा. हे तीन बदल होऊन नवा संच आला तर आमचा विभाग आणखी एक घेईल. काकांनी तो कागद त्यांच्या वहीला टाचणी लावून ठेवलाय आणि कुणी संच बघायला आलं की त्यांनाही दाखवतात. तुम्ही घ्यायला गेलात तर वाचा, आणि पटलं तर खाली सही करा.